सातासमुद्रापलीकडचे सायकल-दुकान

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ‘स्वस्त’ हा शब्द जरा जपूनच वापरावा. किंमत निराळी, खर्च निराळा आणि त्या खर्चाच्या बदल्यात पदरात पडणारी उपयुक्तता निराळी, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. परीक्षेत आम्ही ते बिनचूक लिहितोही. पण वर्ग सुटला, मोबाईल हातात आला आणि पडद्यावर एखाद्या परदेशी दुकानातील लखलखीत वस्तू दिसली, की हा सारा भेद डोक्यातून पार निघून जातो. प्रस्तुत लेखात सायकलीचे सुटे भाग आणि सायकलस्वाराचे कपडे परदेशी दुकानांतून इंटरनेटवरून मागवताना काय पाहावे, याचा थोडा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु खेड्यापाड्यांतून सायकलीने महाविद्यालयात येणारे विद्यार्थी आपल्यात थोडेथोडके नाहीत.

गेल्या काही वर्षांत आपल्या सायकल-स्टँडवर गिअरच्या सायकली बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांतील नव्या कोऱ्या फार थोड्या. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस असलेल्या एखाद्या मामाने वा चुलतभावाने हौसेने घेतलेली, चार महिने चालवलेली आणि मग गॅलरीत धूळ खात पडलेली सायकल शेवटी आपल्याकडे येते. सायकल फुकट येते, पण तिचा एखादा भाग मोडला की पंचाईत सुरू होते. गावच्या दुकानात तो भाग मिळत नाही. इंग्लंड, जर्मनी किंवा चीनमधील दुकानात मात्र तो सहाशे रुपयांत दिसतो. मी स्वतः खानापूर रस्त्यावरील एका खेड्यातून रोज अकरा किलोमीटर येतो आणि तितकेच परत जातो. संध्याकाळी एका अडत दुकानात हिशेब लिहून जे मिळते, त्यातच सायकलीचा आणि पुस्तकांचा खर्च भागवावा लागतो. सायकल चार दिवस बंद राहिली की बसवर विसंबावे लागते, पहिला तास बुडतो आणि हजेरीचे पंचाहत्तर टक्के डोळ्यांसमोर नाचू लागतात. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता तरी हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

आजोबांच्या काळ्या सायकलीला असा प्रश्न कधी पडला नाही. हिरो असो, अ‍ॅटलास असो वा एव्हन असो, तिचा सांगाडा ठरलेला, चाक ठरलेले, मापे ठरलेली. एका कंपनीचे पायडल दुसरीला बसते, एकीचे छर्रे दुसरीत चालतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. तरी अ‍ॅटलास सायकल घरात असलेल्या माणसाचे काही अडले नाही, कारण लुधियानाहून येणारे सुटे भाग तिला अजूनही बसतात. कंपनी गेली, माप राहिले. गिअरच्या सायकलीत हेच उलटे आहे. कंपनी जोरात चालू असते आणि पाच वर्षांपूर्वीचे माप तिनेच मोडीत काढलेले असते.

म्हणून पहिला विचार किमतीचा नको, मापाचा हवा. आमच्या भागातील मिस्त्री कन्नड भाषिक आहेत. फोनवरील चित्र दाखवत कोणी त्यांच्या दुकानात शिरला, की किल्लीवरचे ग्रीस पुसत ते एकच वाक्य म्हणतात, “मोदलु अळते नोडु.” आधी माप बघ. आमच्या कन्नड विभागातील वाचकांना याचे भाषांतर नको आणि मराठी वाचकांनी ते पाठ करून ठेवावे.

टायरचेच उदाहरण घेऊ. ‘अठ्ठावीस इंची टायर’ या शब्दाचा अर्थ बेळगावात एक आणि बर्लिनमध्ये दुसरा आहे. आपल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ज्या रिमवर बसतो, तिचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जर्मन दुकानात ‘२८ इंच’ म्हणून जो टायर मिळतो, तो सामान्यतः ६२२ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो. तेरा मिलिमीटरचा फरक म्हणजे टायर चढणारच नाही. गंमत अशी, की हाच ६२२चा व्यास रेसिंग सायकलीवर ‘७००-सी’ नावाने आणि माउंटन सायकलीवर ‘२९ इंच’ नावाने वावरतो. एक व्यास आणि नावे तीन.

‘सव्वीस इंची’चा घोळ तर याहून मोठा. २६ × १.९५ हा माउंटन सायकलीचा टायर ५५९ मिलिमीटरचा. २६ × १⅜ हा ५९० मिलिमीटरचा. आणि २६ × १½ हा ५८४ मिलिमीटरचा. गणिताच्या वहीत १.५० आणि १½ यांत फरक नाही, पण टायरवर आहे! दशांश चिन्ह असलेला टायर व्यवहारी अपूर्णांक असलेल्या टायरच्या जागी बसत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील. यात आणखी एक आश्चर्य म्हणजे, हल्ली नवी फॅशन म्हणून आलेल्या ‘२७.५ इंच’ चाकाचा व्यासही तोच जुना ५८४ आहे. नावांच्या या गर्दीतून वाट काढण्याचा उपाय सोपा आहे. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘३७-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असा दोन आकड्यांचा जोड छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच पुढे जावे आणि रुंदी फ्रेमच्या चिमट्यात मावते का ते पाहावे. इंचांकडे ढुंकूनही पाहू नये.

ट्यूब मागवताना व्हॉल्व्हही पाहावा लागतो. आपल्याकडची जुनी पद्धत व्हॉल्व्हट्यूबची. आत इवलीशी रबरी नळी असते, ती कुजली की हवा जाते. दुसरा प्रकार मोटरसायकलीसारखा, त्याला श्रेडर म्हणतात. तिसरा प्रेस्टा, काडीसारखा बारीक. प्रेस्टासाठी रिमला छिद्र लहान असते, त्यात श्रेडर शिरत नाही. शिवाय प्रेस्टा ट्यूब पंक्चरवाल्याकडे नेली, की त्याचा पंप लागत नाही. एक लहानसे पितळी अडॅप्टर खिशात ठेवले की काम भागते, पण ते घरी राहिले तर तीन किलोमीटर सायकल ढकलावी लागते.

मागच्या दातेरी चक्रांबाबत असाच एक भेद आहे. स्वस्त गिअर सायकलींना बहुधा आट्यांचे फ्रीव्हील असते, महागड्यांना कॅसेट. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखण्याची खूण अशी : चाक काढावे, मध्यभागी किल्ली बसवण्याच्या ज्या खाचा दिसतात त्यांकडे पाहत दातेरी चक्र उलटे फिरवावे. खाचा चक्राबरोबर फिरल्या तर ती कॅसेट, खाचा स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. चेनच्या बाबतीत मागे किती चक्रे आहेत ते मोजावे. सहा, सात आणि आठ चक्रांना एकच चेन चालते, नवापासून पुढे ती अधिकाधिक अरुंद होत जाते.

पण चेन खरोखर बदलायला हवी का, हे आधी कोण पाहतो? चेनच्या लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. चोवीस दुवे मिळून बारा इंच. सुताराची पोलादी टेप घेऊन एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावे. बारा इंचांवर दुसरी पिन नेमकी आली तर चेन उत्तम. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनने मागची चक्रेही खाल्ली असे समजावे, कारण झिजलेल्या चक्रावर नवी चेन चढवली की जोर देताच ती उडी मारते. वेळेवर चेन बदलली तर काही शे रुपयांत भागते. उशीर झाला की दोन्हींचा खर्च. आम्ही ज्याला घसारा म्हणतो, तो इतक्या स्पष्टपणे मोजता येणारी दुसरी वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही. एवढे करून चेन घ्यायचीच ठरली, तर ती येथेच घ्यावी. चेन, ब्रेकचे रबर, तारा, ट्यूब या वस्तूंसाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, हेही येथे घेण्याच्या बाजूचेच आहे.

आता माप जुळले असे समजून किमतीकडे वळू. परदेशी दुकानाच्या पडद्यावर दिसणारा आकडा ही हिशेबाची पहिली ओळ असते, शेवटची नव्हे. ब्रिटनमधील दुकान आपल्या गिऱ्हाइकाला जो भाव दाखवते, त्यात वीस टक्के मूल्यवर्धित कर आधीच मिळवलेला असतो. जर्मनीत तो एकोणीस टक्के. माल देशाबाहेर जाणार असेल तर बरीच दुकाने हा कर वजा करतात. पत्त्याच्या जागी भारत निवडताच १२० पौंडांची वस्तू १०० पौंडांची होते आणि आपण हरखून जातो. परंतु त्यांच्या सरकारने सोडलेली जागा आपले सरकार भरून काढते, आणि वर चार पैसे अधिक घेते.

आपली जकात वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते. त्यावर प्रथम मूळ सीमाशुल्क, मग त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. म्हणजे करावर कर. वर सांगितलेला पाच टक्क्यांचा दर आपल्या पार्सलालाही लागेल, असे मात्र धरून चालू नये. टपालाने वा विमानाने वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या मालाकरिता जकातीच्या तक्त्यात ९८०४ क्रमांकाचे स्वतंत्र शीर्षक आहे आणि त्याचे दर अर्थसंकल्पागणिक हलतात. म्हणून मागवण्याच्या दिवशी चालू दर पाहावा. पुढील उदाहरणातले दर केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

समजा, वस्तू ६०० रुपयांची आणि तिची वाहतूक ९०० रुपयांची. बेरीज १,५००. सीमाशुल्क २० टक्के धरले तर ३०० रुपये. अधिभार ३० रुपये. एकूण १,८३०. त्यावर जीएसटी १८ टक्के धरला तर ३२९ रुपये ४० पैसे. झाले २,१५९ रुपये ४० पैसे. कुरिअर कंपनी जकातीची कागदपत्रे करण्याबद्दल आपला आकार लावते. तो करासह ५९० धरू. बँक परकीय चलनाबद्दल साडेतीन टक्के घेते असे धरले तर आणखी साडेबावन्न रुपये. अखेरची बेरीज २,८०१ रुपये ९० पैसे! सहाशेची वस्तू अठ्ठावीसशेला पडली, आणि यात कोणी कोणाला फसवलेले नाही. प्रत्येकाने आपापला कायदेशीर वाटा तेवढा घेतला.

हाच भाग गावच्या किंवा पुण्याच्या दुकानात हजार रुपयांना मिळत असेल, तर ‘दुकानदार लुबाडतो’ असे आपण सहज म्हणून जातो. पण तो दुकानदार ज्याच्याकडून माल घेतो, त्या आयातदाराने जहाजातून पेटीच्या पेटी आणलेली असते. त्याचे वाहतुकीचे ओझे दर नगामागे थोडे. शिवाय तो नोंदणीकृत व्यापारी असल्याने आयातीवर भरलेला जीएसटी त्याला पुढच्या करातून वळता करून मिळतो. आपल्याला तो मिळत नाही. आपण अखेरचे ग्राहक. हा मुद्दा आमच्या पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात संपतो, पण माझ्या मते एका गिअर सायकलीच्या आधाराने तो एका तासात कायमचा समजावा.

पैसे देण्याच्या बाबतीतही थोडी तयारी लागते. घरपोच माल आल्यावर पैसे देण्याची सोय परदेशी दुकानांत नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमांनुसार नवे कार्ड सुरुवातीस देशांतर्गत वापरापुरतेच असते. परदेशी खरेदीसाठी ती सोय आपण मागून चालू करून घ्यावी लागते. काम झाले की ती पुन्हा बंद करावी. पार्सल जकातीत पोचले की कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते. तीही खात्री करून, कंपनीच्या अधिकृत मार्गानेच द्यावी. ‘जकात भरा’ म्हणून मोबाईलवर येणारा प्रत्येक संदेश खरा नसतो.

कोणत्या दुकानावर भरवसा ठेवावा? याबाबत जुने सल्ले फार फिरत असतात. आमच्या आधीच्या पिढीतील सायकलस्वार विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स या ब्रिटिश दुकानांची नावे मोठ्या भक्तिभावाने घेत. ही दोन्ही एकाच मालकीची झाली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. पुढे त्यांची नावे दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली, पण तेच नाव म्हणजे तेच दुकान नव्हे. अशा प्रसंगी ज्याने आगाऊ पैसे भरलेले असतात, तो कंपनी कायद्याच्या भाषेत असुरक्षित धनको ठरतो, आणि धनकोंच्या रांगेत त्याचा नंबर बराच मागे असतो. चीनच्या अलीएक्स्प्रेसची गोष्ट आणखी निराळी. त्या अ‍ॅपवर भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली. तरीही ‘तेथून मागव, स्वस्त पडेल’ असे सांगणारे अजून भेटतात. अमेरिकन सायकलस्वारांचे सल्ले ऐकतानाही त्यांना एकेकाळी आठशे डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय मिळत होता हे विसरू नये. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांच्या मालासाठी बंद झाली.

‘परदेशातल्या काकांना भेटवस्तू म्हणून पाठवायला सांग’, हाही एक नेहमीचा उपाय. डिसेंबर २०१९ पासून टपालाने वा कुरिअरने भेट म्हणून माल मागवण्यास मनाई आहे. अपवाद फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधे यांचा. काका स्वतः येताना पेटीतून लहानसा भाग घेऊन आले, तर गोष्ट वेगळी. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असते. पण त्यासाठी काका असावे लागतात, आणि त्यांनी दिवाळीला यावे लागते.

कपड्यांकडे येऊ. सायकलस्वाराच्या तंग कपड्यांना आपल्याकडे लोक अजून हसतात, त्यांना हसू द्यावे. पण अकरा किलोमीटरसाठी त्यांची गरज आहे का, हा प्रश्न रास्त आहे. माझे मत असे, की तासाभराच्या आतल्या प्रवासाला साधी सैल विजार पुरते. उजव्या पायाला आजोबा लावत ती लोखंडी क्लिप लावावी, म्हणजे विजार चेनमध्ये जात नाही. विद्यार्थिनींना सलवार आणि ओढणीची काळजी असते. त्यांना परदेशी जर्सीपेक्षा पुरे चेनकव्हर अधिक उपयोगी पडते, आणि नेमके तेच या परदेशी घाटाच्या सायकलींना नसते.

रविवारी चोर्ला घाटाकडे किंवा आंबोलीकडे जाणाऱ्यांना मात्र आत गादी शिवलेली चड्डी उपयोगी आहे. ती घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली माप. ‘मीडियम’ हा शब्द इटलीत, चीनमध्ये आणि आपल्याकडे तीन निरनिराळ्या देहांचे वर्णन करतो. आशियाई मापाचा कपडा बहुधा एक-दोन नंबरांनी लहान निघतो, आणि शर्यतीसाठी शिवलेला युरोपीय कपडाही अंगाला चिकटून बसतो. तेव्हा शिंप्याची टेप घेऊन छाती, कंबर आणि नितंब सेंटिमीटरमध्ये मोजावेत आणि दुकानाच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. दुसरी गोष्ट गादी. स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी तिचा आकार वेगळा असतो, आणि ही चड्डी आत दुसरे काही न घालता वापरायची असते, नाहीतर शिवणीमुळे कातडी सोलते. तिसरी गोष्ट दुकानदार कधी सांगत नाही : ती वाळते किती वेळात? विद्यार्थ्याकडे अशी चड्डी एकच असते. प्रत्येक वापरानंतर ती धुवावी लागते, आणि आमच्याकडच्या जुलैत जाड गादी दोन दिवस वाळत नाही. म्हणून पातळ, दाट गादी घ्यावी. थंड देशांतील दुकाने हिवाळा संपल्यावर अस्तराचे लोकरी जाकीट निम्म्या किमतीत विकतात. निम्मी किंमत खरी, पण ते येथे घालायचे केव्हा? आणि साध्या जर्सीसाठी तर परदेशी जाण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. विणलेल्या कपड्यांचे तिरुपूर आपल्याच देशात आहे.

पावसाळी जाकिटावर ‘१०,००० मिलिमीटर’ असा आकडा असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापडाने सहन केला, असा त्याचा अर्थ. आकडा खोटा नाही. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पाऊस आणि चढावरचा घाम यांची गाठ पडली, की बाहेरून कोरडा राहिलेला माणूस आतून भिजतो. मी रेनकोट येथलाच वापरतो आणि वाचलेल्या पैशांत दोन्ही चाकांना लांब मडगार्ड बसवले आहेत. भिजण्यापेक्षा चिखल अधिक त्रास देतो.

काही वस्तूंत काटकसर मुळीच नको. हँडल, हँडलचा मानेकडचा भाग, पुढचा चिमटा आणि हेल्मेट या चार वस्तू मोडल्या की माणूस तोंडावर आपटतो. नामांकित कंपन्यांच्या कार्बन हँडलच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. चित्रावरून त्या ओळखू येत नाहीत. हेल्मेटवर युरोपचे ‘ईएन १०७८’ किंवा अमेरिकेचे ‘सीपीएससी’ मानक लिहिलेले हवे, आणि ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, कारण स्टिकर छापायला काही पैसे लागत नाहीत. शक्यतो हेल्मेट डोक्यावर घालून पाहूनच विकत घ्यावे. दिव्यांच्या बाबतीतही येथलाच पर्याय बरा. लिथियम बॅटरीची पार्सले विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात आणि ती वाटेतच अडकतात.

मग परदेशातून मागवावे तरी काय? जे हलके आहे, ज्याचे माप पक्के ठाऊक आहे, ज्यावाचून सायकल उभी आहे आणि जे येथे कोठेच मिळत नाही ते. असा एक भाग म्हणजे डिरेलरचा हँगर. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती ही पट्टी. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेमऐवजी हीच वाकावी वा मोडावी, म्हणून ती मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमची करतात. कल्पना उत्तम, पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि असे आकार शेकड्यांनी आहेत. तो वाकलेला तसाच ठेवून चालवली, तर एखाद्या दिवशी डिरेलर तारांत शिरतो आणि चाकासकट सगळे जाते.

आम्हां चौघांच्या सायकलींना चार निरनिराळे हँगर हवे होते. भौतिकशास्त्र विभागाकडून एक व्हर्नियर कॅलिपर तासाभरासाठी मागून घेतले. जुने हँगर आलेख-कागदावर ठेवून बाहेरची रेघ काढली, छिद्रांचा व्यास आणि मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरे दशांशापर्यंत लिहिली आणि दुकानाच्या चित्रांशी एकेक करून ताडली. मग चौघांची एकच मागणी नोंदवली. वरच्याच उदाहरणाच्या दरांनी हिशेब केला, तर वस्तू २,४०० रुपये, वाहतूक तीच ९००, कुरिअरचा आकार तोच ५९०. कर आणि बँक धरून एकूण ५,४५६ रुपये १८ पैसे, म्हणजे दरडोई १,३६४. एकट्याने मागवले असते तर २,८०१. प्रत्यक्षात आम्हांला दरडोई चौदाशेच्या आसपास पडले, कारण मधल्या दिवसांत पौंड थोडा चढला.

पार्सल पाचव्या आठवड्यात आले. चारही हँगर बसले. मिस्त्रींनी जुने, वाकलेले चारही हँगर आमच्याकडून मागून घेतले आणि दुकानातील खिळ्याला तारेत ओवून टांगले. पुढच्या वेळी कोणाचा मोडला तर मापाला लागतील, म्हणाले.